नळाची लाइन बदलतो म्हणून १६,८०० रुपये घेतले आणि जुना पाइप जमिनीतच ठेवून गेले

लिहू की नको करता करता महिना गेला. घरचे म्हणतात जाऊ दे, लोक नावं ठेवतील. ठेवू द्या. पण परवा माझ्या नणदेनं फोन करून सांगितलं की त्या पाइपवाल्यांसारखीच गाडी तिच्या गावात फिरून राहिली, मग मला राहवलं नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात. नळ दोन दिवसाआड येतो, चाळीस मिनिटं. मार्चच्या शेवटी नळाची धार एकदम बारीक झाली, जो गुंड चार मिनिटात भरायचा त्याला बारा मिनिटं लागायला लागली, आणि आवारात सीताफळाच्या झाडाजवळ जमीन ओली. म्हणजे लाइन फुटली हे कोणालाही कळतं. आमची सर्व्हिस लाइन जुनी जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाची, माझ्या सासऱ्यांनी टाकलेली, रस्त्याच्या कडेपासून मोरीपर्यंत ७२ फूट. काळ्या मातीत लोखंडी पाइप टिकत नाही, त्यात ही माती उन्हाळ्यात तडकते आणि पावसाळ्यात फुगते, जॉइंट ओढून काढते. मी पाणी सोडणाऱ्या माणसाला सांगितलं, पंचायतीत दोनदा जाऊन सांगितलं. अकरा दिवस कोणी पाहायला आलं नाही. हे आधीच सांगते, कारण आता सगळे विचारतात की अनोळखी माणसाला घरात घेतलंच काऊन. तुमच्या घरी अकरा दिवस पुरेसं पाणी नसतं तर तुम्ही पण घेतलं असतं.

१२ एप्रिलला तो आला. असे लोक कसे येतात ते तुम्हाला माहीतच आहे, गळ्यात कार्ड, निळा टीशर्ट, बोली आपल्याकडचीच, त्यावर वेळ घालवत नाही. जलजीवनच्या ठेकेदाराकडून आलो म्हणे. आमच्या गावात त्या योजनेचं खोदकाम दोन वर्षं चाललं, रोज नवीन माणसं दिसायची, कोण खरं कोण खोटं कोणाला माहीत? सोबत एक डबा होता वायर लावलेला, तो जमिनीवर फिरवला की टूं टूं वाजायचा. आता कळतं की ओली जागा तर डोळ्यांनीच दिसत होती, डबा कशाला पाहिजे. पण त्यानं बरोबर जागा दाखवली आणि मी विश्वास ठेवला.

सांगितलं की पूर्ण लाइन सडली, तुकडा बदलून फायदा नाही, काळा एचडीपीई, म्हणजे प्लास्टिकचा पाइप टाकू, एकच अखंड, मध्ये जॉइंट नाही. हे चुकीचं नव्हतंच. आपल्या मातीत तोच पाइप चालतो, लवतो, तुटत नाही. खोटं बोलणारा माणूस नव्वद टक्के खरं बोलतो म्हणून तर फसतो आपण. त्यानं १८,५०० सांगितले, मी घासाघीस करून १६,८०० वर आणलं आणि मला वाटलं मी जिंकली. ७,००० अॅडव्हान्स रोख दिले. ते पैसे बचत गटातून उचललेले, १०,००० घेतले शेकडा दोन रुपयांनी. मीच गटाची सचिव, सगळ्या बायांचा हिशोब मी लिहिते, बारा वर्षांत एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. कोणाला तोंड दाखवू सांगा.

पावती मागितली तर दिली, वर नळाचं चित्र आणि खाली शिक्का. शिक्क्यावर गावाचं नाव नाही, पत्ता नाही, जीएसटी नंबर नाही. पावती हातात आली एवढ्यावरच मी समाधान मानलं. पावती वाचायची असते, नुसती घ्यायची नसते.

कामाचा दिवस त्यानं ठरवला १४ एप्रिल. आता लक्षात येते. जयंतीची सुट्टी, पंचायत बंद, सारं गाव मिरवणुकीच्या तयारीत, डीजेच्या आवाजात कुदळीचा आवाज पण ऐकू येत नव्हता. माझे मिस्टर हळद शिजवायला वावरात, घरी मी आणि सासूबाई. सकाळी पांढरा छोटा हत्ती आला, तीन पोट्टे आणि तो. काळ्या पाइपाचं बंडल उतरवून भिंतीला टेकवून ठेवलं. नाली खोदायला सुरुवात केली, एक फूटभर झाली असेल. मी म्हटलं एवढीच काऊन, तर म्हणे ताई दुपारपर्यंत तीन फूट जाते, आधी आखणी करतो.

अकराच्या सुमारास म्हणे, ताई तेवढं पाणीवाल्याला सांगून या, आज लाइन सोडू नको म्हणा, नाहीतर सगळा चिखल होईल. बरोबरच वाटलं. पाणीवाला राहतो गावाच्या दुसऱ्या टोकाला, घरी नव्हता, त्याच्या घरच्यांनी बसा म्हटलं, मी बसली. दीड तास. परत आली तर नाली बुजलेली, वरून पाणी मारून एक पोट्टा पायानं दाबून राहिला. मी म्हटलं अरे मला दाखवायचं तरी होतं. तर म्हणे उन्हानं पाइप गरम होतो ताई, लवकर झाकावं लागते. मोरीजवळ नवीन काळा पाइप वर आलेला, त्यावर आयएसआयचा छाप, आयएस ४९८४ लिहिलेलं. रस्त्याच्या बाजूला पण काळा पाइप दिसत होता. नळाला चांगली धार होती.

आणि मग ती गोष्ट, जी मला रात्री झोपू देत नाही. गाडी भरताना दोघांनी मिळून ते बंडल उचललं. दोघांनी. सकाळी जेवढं जाड होतं तेवढंच जाड, सुतळीच्या गाठी पण तशाच, फक्त एका बाजूची सुटलेली. मी दारात उभी होती हातात चहाचा ट्रे घेऊन. ७२ फूट पाइप त्यातून गेला असता तर बंडल निम्म्यावर यायला पाहिजे होतं. माझ्या डोळ्यासमोरून गेलं ते. मनात आलं पण की हे एवढं कसं उरलं, आणि मी स्वतःलाच उत्तर दिलं की मोठं बंडल असेल. विचारायला लाज वाटली. चार माणसांसमोर बाईनं संशय घेतला असं होऊ नये म्हणून मी चहा दिला त्यांना.

६,५०० फोनपे केले आणि उरलेले ३,३०० रोख, रोड फोडायची परवानगी म्हणून. रोड तर फुटलेलाच नव्हता. मी विचारलं. म्हणे सिमेंट रोड फोडला नाही, खालून बोअर मारून पाइप घेतला, परवानगी तरी लागतेच. नंतर पाणीवाल्यानं सांगितलं की मेन लाइन आमच्याच बाजूनं गटाराच्या कडेला जाते, रोडखालून काही न्यायचंच नव्हतं. पंचायतीची फी पंचायतीतच भरायची, छापील पावती घ्यायची, कोणाच्या हातात द्यायची नाही. मला हे माहीत होतं. पाणीपट्टी तशीच भरते मी.

त्या पाइपवाल्यांनी लीकेजवर रबर गुंडाळून तार आवळली होती, म्हणून धार चांगली आली. १९ दिवसांनी, ३ मे ला, पुन्हा सीताफळाजवळ ओलं. पाण्याला गटाराचा वास. नळ गेला की पाइप रिकामा होतो आणि फुटक्या जागेतून बाहेरचं घाण पाणी आत ओढतो, हे आम्हाला उपकेंद्रातल्या सिस्टरनं समजावलं, तेव्हा सासूबाईंना तीन दिवसांपासून हगवण लागलेली होती आणि ओआरएस चालू होतं. सत्तरीच्या बाईला काही झालं असतं तर? त्यांनी पैसे चोरले ते एक, पण त्यांना माहीत होतं की फुटका पाइप पिण्याच्या पाण्याचा आहे आणि तरी बुजवला.

पुतण्यानं खोदलं. दोन फुटावर तोच जुना जीआय, लाल खपल्या धरलेला, हात लावला की पापुद्रा निघायचा. मोरीजवळचा काळा पाइप पाच फुटावर कपलिंगनं त्याच जुन्या पाइपाला जोडलेला. रस्त्याकडे पण तसंच. मधला सगळा जुना. आता हे नीट वाचा, कारण हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर शेवटचे ९,८०० तरी वाचले असते. बऱ्याच कंपन्यांच्या या पाइपावर दर मीटरला आकडा छापलेला असतो. मोरीजवळच्या तुकड्यावर ४६ होता. रस्त्याकडच्या तुकड्यावर ४८. अखंड पाइप असता तर ४६ च्या पुढे दुसऱ्या टोकाला ६८ च्या आसपास यायला पाहिजे, किंवा उलट्या बाजूनं २४. तो ४६ आकडा मोरीजवळ रोज माझ्यासमोर होता, मी तिथं भांडी घासते. आयएसआय छाप खरा होता, पाइप पण खरा, बीआयएस केअर अॅपवर नंबर टाकून पाहिला तर कंपनी पण निघाली. म्हणून नुसता छाप पाहून खुश होऊ नका, दोन्ही टोकांचे आकडे पाहा, आणि खोदलेलं बुजवायच्या आधी मोबाईलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हिडिओ काढा.

पंचायतीत गेली. पाणीवाला म्हणे, "मेनच्या पुढची लाइन तुमची हाय ताई, आमचं काम सॅडलपर्यंत." सॅडल म्हणजे मेनवरून आमची लाइन जिथं निघते तो जोड. मान्य, लाइन माझी. पण तुमच्या योजनेचं नाव घेऊन माणूस गावात फिरतो, घरोघर डबा वाजवतो, हे पण माझंच? सरपंच म्हणाले, "मंग आमाले इचारलं काऊन नाही तुमी?" मी अकरा दिवस तेच तर करत होती. ग्रामसेवकाकडे तीन गावं, तो मंगळवार आणि शुक्रवारीच भेटतो, त्या मंगळवारी मीटिंग, शुक्रवारी ट्रेनिंग. मी साधं एवढं म्हटलं की दवंडी द्या, नाहीतर बोर्डवर लिहा की असा कोणी आमचा माणूस नाही. खडूनं दोन ओळी लिहायच्या होत्या. आजपर्यंत लिहिल्या नाहीत.

तालुक्याच्या ठाण्यात सकाळी ११ ला गेली, ४ वाजता आत बोलावलं. "पैसे तुम्ही स्वतः दिले ना? काम पण झालं ना? मग फसवणूक कशी? हे दिवाणी आहे, कोर्टात जा." मी पाइपाचा तुकडा सोबत नेला होता, टेबलावर ठेवला तर म्हणे हे कशाला आणलं इथं, घाण होते. साधा अर्ज घेतला, पोच मागितली तर तोंड वाकडं केलं, पण मी पोच घेतल्याशिवाय उठली नाही. फोनपेवरचं नाव दिलं, मोबाईल नंबर दिला, नंबर आता बंद. १९३० वर फोन केला, त्यांनी ऑनलाइन फसवणूक कशी झाली ते विचारलं, मी सांगितलं की पैसे ऑनलाइन दिले पण फसवलं जमिनीत, तर म्हणाले ठाण्यात जा. १९१५ वर ग्राहकांच्या नंबरवर केला, त्यांनी कंपनीचं नाव आणि पत्ता मागितला. ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या केसला फी लागत नाही हे खरं, पण केस करायची कोणावर, तोच तर सापडत नाही. सगळे एकमेकांकडे बोट दाखवतात आणि बाई फिरते एसटीनं, एका खेपेला माझा दिवस आणि ९० रुपये जातात. बाईमाणूस पाहून फसवलं असं जो तो म्हणतो. ठाण्यात पण बाईमाणूस पाहूनच बसवून ठेवलं, ते कोणी म्हणत नाही.

खरं काम किती लागलं ते पण ऐका. दुकानात जाऊन मी स्वतः पाइप आणला, ४२ रुपये मीटर, २२ मीटरचे ९२४. सॅडल आणि कपलिंग ३८०. खाली-वर टाकायला वाळू-मुरूम ९००, कारण काळ्या मातीत पाइपाला गादी पाहिजेच. दोन मजूर दोन दिवस २,०००, प्लंबर १,०००. सगळं ५,२०४. नाली तीन फूट, एक रात्र उघडी ठेवली, नळ येऊन गेला, कुठं थेंब नाही पाहिलं, मग पैसे दिले. पाणी नव्हतं तेव्हा चार टँकर मागवले ३५० प्रमाणे, १,४००. म्हणजे ५,२०४ मध्ये होणारं काम मला २३,४०४ ला पडलं, गटाचं व्याज वेगळं, महिन्याला २०० चालू आहे. गटाच्या मीटिंगमध्ये मी स्वतः उभी राहून सगळं सांगितलं. दोन बायांनी मान खाली घातली. त्यांच्याकडे पण तो आला होता, एकीनं ४,००० दिलेले, नवऱ्याला सांगितलं नव्हतं.

मग आम्ही तिघींनी मिळून एसपी ऑफिसला अर्ज पाठवला स्पीड पोस्टनं. ठाण्यात गुन्हा नोंदवत नसतील तर तसा पाठवता येतो, हे वकिलांनी सांगितलं. पांढरा छोटा हत्ती, मागच्या फाळक्यावर निळ्या रंगात पाण्याचा थेंब काढलेला, डाव्या बाजूचा लाइट फुटलेला. दिसला तर आधी गाडीच्या नंबरचा फोटो घ्या, मी घेतला नाही. ४६ आणि ४८ चे दोन्ही तुकडे मी धुऊन, पिशवीत घालून कपाटात ठेवले आहेत. सोमवारी तिघी मिळून पुन्हा ठाण्यात जाणार आहोत, तेव्हा दोन्ही टेबलावर ठेवणार.