लान्चिया डेल्टा इंटेग्राले : आठ व्हॉल्व्ह, सोळा व्हॉल्व्ह की एव्होल्युझिओने?

१९८७ ते १९९२ अशी सलग सहा वर्षं उत्पादकांचं जागतिक रॅली विजेतेपद लान्चिया या इटालियन कंपनीकडे राहिलं, ते डेल्टाच्या जोरावर. जागतिक मालिकेत या गाडीचे एकूण ४६ विजय आहेत. पण बाजारात ‘डेल्टा’ या एका नावाखाली पाच वेगवेगळ्या गाड्या विकल्या जातात, आणि गंमत अशी की सगळ्यात जास्त पैसे जिला मोजले जातात, ती लान्चियाच्या संघानं कधी रॅलीत उतरवलीच नाही.

युरोपात किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांपैकी कुणाच्या मनात यातली एखादी घ्यायचं असेल, तर हा आढावा त्यांच्यासाठी. भारतात आणायचा विचार सोडून द्यावा. वापरलेली गाडी आयात करायची तर ती उजव्या स्टिअरिंगची आणि तीन वर्षांच्या आतली असावी लागते; कारखान्यातून आलेली इंटेग्राले मात्र सरसकट डाव्या स्टिअरिंगची. ब्रिटनमध्येही ओव्हरटेक करताना ते जाणवतंच.

मे १९८६ मध्ये कॉर्सिकाच्या रॅलीत ड्रायव्हर हेन्री तोइव्होनेन आणि सहचालक सर्जिओ क्रेस्तो डेल्टा एस४ च्या अपघातात मरण पावले. त्यानंतर ग्रुप बी हा फार ताकदवान रॅली गाड्यांचा गट बंद झाला आणि १९८७ पासून त्याच्या जागी शोरूमच्या गाड्यांवर आधारलेला ग्रुप ए आला. नव्या नियमानुसार रॅलीत उतरवायच्या गाडीच्या ५,००० प्रती वर्षभरात रस्त्यासाठी बनवणं भाग होतं. त्यामुळे रॅलीत जे कमी पडलं ते दुरुस्त करायचं, तर आधी शोरूमच्या गाडीत बदल करावा लागे. पुढची जवळजवळ प्रत्येक आवृत्ती म्हणजे आधीच्या गाडीबद्दल ड्रायव्हर आणि अबार्थच्या (रॅलीच्या गाड्या तयार करणाऱ्या विभागाच्या) इंजिनिअरांनी केलेल्या तक्रारीचं उत्तर आहे. सगळ्यांत इंजिन एकच, १,९९५ सीसी टर्बो.

| गाडी | वर्ष | अश्वशक्ती | टॉर्क (चाक फिरवणारा जोर) पुढे/मागे, % | टायर | चाकाचे बोल्ट |
|---|---|---|---|---|---|
| एचएफ फोर डब्ल्यूडी | १९८६ | १६५ | ५६/४४ | १८५/६० आर१४ | ४ |
| इंटेग्राले ८ व्हॉल्व्ह | १९८७ | १८५ | ५६/४४ | १९५/५५ आर१५ | ४ |
| इंटेग्राले १६ व्हॉल्व्ह | १९८९ | २०० | ४७/५३ | २०५/५० आर१५ | ४ |
| एव्होल्युझिओने १ | १९९१ | २१० | ४७/५३ | २०५/५० आर१५ | ५ |
| एव्होल्युझिओने २ | १९९३ | २१५ | ४७/५३ | २०५/४५ आर१६ | ५ |

एचएफ फोर डब्ल्यूडी सगळ्यात स्वस्त. मिकी बियासिओननं १९८७ ची माँटे कार्लो हिच्यावरच जिंकली आणि त्या वर्षी युहा कांकुनेन विश्वविजेता झाला. पण चाकांवरचे फुगीर पत्रे नाहीत, त्यामुळे रुंद टायर बसत नाहीत आणि ब्रेकही लहान. ती संग्राहकाची गाडी.

८ व्हॉल्व्हमध्ये ही अडचण सुटली. बियासिओननं १९८८ च्या पोर्तुगाल रॅलीत पदार्पणातच ती जिंकून दिली. रस्त्यावर रोजच्या वेगात हिचं इंजिन सगळ्यात गोड वाटतं, कारण खालच्या आरपीएमला ओढ आहे. व्हॉल्व्ह निम्मे, त्यामुळे सिलिंडर हेडचं काम सोपं आणि स्वस्त. घाटात हिचं नाक मात्र वळणाबाहेर ओढतं. निम्म्याहून जास्त टॉर्क पुढच्या चाकांकडे जातो, त्याचा हा परिणाम.

१६ व्हॉल्व्हमध्ये मुख्य बदल व्हॉल्व्हचा नाहीच, टॉर्कच्या वाटणीचा आहे. ५३ टक्के मागे गेल्यावर वळणात थ्रॉटल दिला की गाडी आत वळते. चालवणाऱ्याला हा फरक पहिल्याच वळणावर कळतो. बॉनेटवर फुगवटा आहे, कारण हेड उंच झालं. बियासिओननं १९८९ च्या सानरेमोत ही गाडी पहिल्यांदा उतरवली आणि जिंकली, तीही नेहमीच्या पांढऱ्याऐवजी लाल रंगात. १९९१ चं कांकुनेनचं विजेतेपद हिचंच. चालवण्यासाठी गाडी हवी असेल तर आमचं मत हिच्या बाजूनं.

एव्हो १ रॅलीसाठी सगळ्यात सखोल बदललेली गाडी. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर पाच-सहा सेंटिमीटरनं वाढलं. सस्पेन्शनचे वरचे कप उंच केले, म्हणजे चाकाला वरखाली जायला जास्त जागा मिळाली. अरुंद डेल्टाचं हे जुनं दुखणं होतं. पुढे ब्रेम्बोचे चार पिस्टनचे ब्रेक आले. १९९२ मध्ये दिदिए ओरिओलनं हिच्यावर एकाच मोसमात सहा रॅली जिंकल्या, तरी ड्रायव्हरचं विजेतेपद टोयोटाच्या कार्लोस साइन्झनं नेलं. दुसऱ्या वर्षी साइन्झ स्वतः डेल्टात बसला आणि एकही रॅली जिंकू शकला नाही! गाडी तीच, पण टोयोटा आणि फोर्ड पुढे निघून गेले होते.

एव्हो २ तोपर्यंत रस्त्यापुरती उरली होती. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, १६ इंची चाकं, रेकारो सीट. इंजिनचं नियंत्रण जास्त सुबक आहे आणि आतून ती सगळ्यात आरामशीर, हे खरं. पण जास्तीचे पैसे दुर्मीळपणाचे जातात, रॅलीच्या वारशाचे नाहीत. रॅलीशी नातं असलेली एव्हो हवी असेल तर १ घ्यावी.

आता तपासणी. आवृत्तीपेक्षा पत्रा महत्त्वाचा, कारण इंजिन पुन्हा बांधता येतं, बॉडीचं नवं कवच कुठे मिळत नाही. पुढच्या काचेची चौकट, ए-पिलर (काचेच्या बाजूचा खांब) छताला मिळतो तो सांधा आणि मागच्या दाराच्या वर छताचे दोन्ही कोपरे बारकाईनं पाहावेत. तिथे रंगाखाली फुगवटा किंवा केसासारखी भेग दिसली तर आत गंज बराच पुढे गेलेला असतो, आणि दुरुस्तीसाठी काच काढावीच लागते. मग डिकीचा गालिचा उचलून तळ पाहा. ब्रिटनमधल्या गाड्यांना हिवाळ्यातल्या मिठाचा त्रास जास्त.

इंजिनात टायमिंग बेल्टबरोबर बॅलन्स शाफ्टचा (इंजिनाची थरथर कमी करणाऱ्या दांड्याचा) वेगळा बेल्ट आहे. हा छोटा बेल्ट तुटला की त्याचे तुकडे मोठ्या बेल्टमध्ये जातात, मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. म्हणून दोन्ही बेल्ट टेन्शनरसकट एकदमच बदलायचे, तीन-चार वर्षांनी, गाडी नुसती उभी असली तरी. तारखेची पावती नसेल तर बेल्ट जुनेच समजून त्याचा खर्च किमतीतून वजा करून बोलणी करावीत. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर ३,००० आरपीएमला ऑइलच्या दाबाचा काटा साडेतीन-चार बारच्या आसपास हवा. थंड असताना दुसरा गिअर कुरकुरला तर चालेल, गरम झाल्यावरही कुरकुरला तर गिअरबॉक्स उघडावा लागेल.

पुढच्या-मागच्या चाकांत टॉर्क वाटणाऱ्या मधल्या डिफरन्शियलवर फर्ग्युसनचं व्हिस्कस कपलिंग (घट्ट तेलातून जोर पोचवणारा जोड) आहे आणि मागे टॉर्सेन प्रकारचं, गिअरवर चालणारं डिफरन्शियल. कपलिंगची चाचणी सोपी. गाडी वीसेक मिनिटं चालवून कोरड्या मोकळ्या जागेत न्यावी, स्टिअरिंग पूर्ण वळवून पहिल्या गिअरमध्ये हळू गोल फिरवावी. चाकं अडखळली, टायर किंचाळले, गाडी उड्या मारू लागली तर कपलिंग आवळलेलं आहे. याचं एक नेहमीचं कारण म्हणजे दोन टायर नवे आणि दोन झिजलेले. व्यास वेगळा पडला की कपलिंग सतत घासत राहतं आणि आतलं सिलिकॉनचं तेल तापून बिघडतं. टायर चारही एकदम बदलायचे. बंद पडली तर दोन चाकं उचलून ओढू देऊ नये, सरळ फ्लॅटबेड मागवावा.

१६ व्हॉल्व्हवर एव्होचे पत्रे चढवून विकण्याचे प्रकार होतात. चाकाला चारच बोल्ट दिसले तर तिथेच थांबावं. पाच असले तरी चाकाच्या कमानीत आतून हात फिरवावा: एव्होची कमान एकसंध दाबलेल्या पत्र्याची आहे, आधीच्या गाड्यांना ती वेल्ड करून जोडलेली. आतून जोड लागला तर मालकाला जाब विचारा. मार्टिनी ५ आणि मार्टिनी ६ या मर्यादित खास आवृत्त्यांच्या अनुक्रमे ४०० आणि ३१० गाड्याच निघाल्या, त्यामुळे मार्टिनीचे पट्टे आणि आवृत्तीतल्या क्रमांकाची पाटी लावून तयार केलेली गाडी समोर यायची शक्यता धरूनच चाला. पाटी हा पुरावा नव्हे. चेसिस नंबर देऊन तुरिनच्या हेरिटेज विभागाकडून मूळ प्रमाणपत्र काढता येतं. त्याला वेळ लागतो, म्हणून ते बयाणा द्यायच्या आधीच मागवा.