१६५ वॅटचे दिवे, ७४ वॅटचा उजेड आणि गेलेले ४३,००० रुपये

रीफ टँकच्या, म्हणजे घरातल्या खाऱ्या पाण्याच्या प्रवाळांच्या (कोरलच्या) टाकीच्या दिव्यांपायी ४३,००० रुपये गेले. दोन एलईडी फिक्स्चर प्रत्येकी १८,५००, त्यांचा कंट्रोलर ४,२०० आणि टांगायच्या वायरी-हुकांचे १,८००. यातले २०,००० यूपीआयने आगाऊ, तेही दुकानाच्या खात्यावर नाही, ‘मिसेसच्या नंबरवर टाका, तिथे लगेच दिसतं’ म्हणून. उरलेले २३,००० रोख. पक्कं बिल नाही, कारण पक्कं बिल म्हणजे वर १८ टक्के जीएसटी, आणखी ७,७४०. आता जो तो विचारतो, बिल का नाही घेतलं? या धंद्यात बिल मागणाऱ्याकडे दुकानदार असा बघतो, जणू चहात मीठ मागितलंय. आणि विचारणाऱ्यांनी आपापल्या स्किमरचं (टँकमधली घाण फेसातून काढणाऱ्या यंत्राचं) बिल कुठे आहे तेही एकदा शोधावं.

दुकानाचं नाव लिहीत नाही. तक्रार दाखल आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. पुण्यातलं आहे, चांगलं चालतं, मालक गोड बोलतो. एवढं पुरे.

टँक ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. एक डबा, म्हणजे एक फिक्स्चर, साधारण दोन फुटांपर्यंतच नीट पुरतो, म्हणून दोन घेतले. डब्यावर छापलं होतं १६५ वॅट. ५५ एलईडी चिपा, प्रत्येकी ३ वॅटची, गुणाकार १६५. हा गुणाकार बाजारात सगळेच करतात आणि तो खरा कधीच नसतो, हे काही नवं नाही. ३ वॅटची म्हणवणारी चिप ७०० मिलिअँपवर चालवली तरी सव्वादोन-अडीच वॅटच घेते. बरा डबेवाला ती ६००च्या आसपास चालवतो. ड्रायव्हरमधली, म्हणजे चिपांना वीज पुरवणाऱ्या सर्किटमधली, गळती धरून प्लगवर सव्वाशे वॅटच्या जवळ आकडा यायला हवा. पैसे मोजले ते या सव्वाशेचे, १६५चे नव्हेत. तेव्हा ‘छापील आकड्याला भुललात’ असं कोणी म्हणू नये.

प्लगमध्ये लावायच्या वॅटमीटरवर निळा आणि पांढरा असे दोन्ही चॅनल शंभर टक्क्यांवर ठेवून एका डब्याचा आकडा आला ७४. दुसऱ्याचा ७३. पंख्यांसकट.

कारण ड्रायव्हर. या डब्यांत निळ्या चिपांची एक माळ आणि पांढऱ्यांची एक, सत्तावीस-अठ्ठावीस चिपा एकापुढे एक जोडलेल्या, आणि प्रत्येक माळेला आपला ड्रायव्हर. ड्रायव्हर ठरावीक करंट देतो आणि चिप किती उजेड देणार ते त्या करंटवर ठरतं, डब्यावर काय छापलंय त्यावर नाही. स्टिकरवर होतं ६०० मिलिअँप. मल्टिमीटर माळेत जोडल्यावर दिसले ३५०. (माळेवर ९० व्होल्ट डीसी असतो, मोकळ्या टोकांवर आणखी जास्त. हात बसलेला नसेल तर झाकण उघडायच्या फंदात पडू नका, खाऱ्या पाण्याच्या शेजारी तर नाहीच.) उष्णतेने त्या स्टिकरचा एक कोपरा उचलला गेला होता. नखाने ओढला तर खाली दुसरा स्टिकर, तोच ठसा, तीच अक्षरं, फक्त आकडा ३५०. वरचा स्टिकर चिकटवताना कोणीतरी काठ अगदी जुळवून घेतला होता. या कामात मात्र कसूर नव्हती.

मग नवे ड्रायव्हर टाका आणि मोकळे व्हा, असं दोघांनी सुचवलं. पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, तपकीर गल्लीत दुपारभर फिरलं तर ६०० मिलिअँपचे ड्रायव्हर मिळतातही. पण चिपांच्या पाठीला उष्णता बाहेर टाकणारा पंखांचा हीटसिंक नव्हता, नुसती ॲल्युमिनियमची सपाट पट्टी होती, आणि ती ३५० मिलिअँपलाच एप्रिलच्या दुपारी ५८ अंशांवर जात होती. त्यावर ६०० सोडले की काही महिन्यांत चिपांवरचा सिलिकोन पिवळा पडणार आणि माळेतली एक चिप गेली की आख्खा चॅनल बंद. म्हणजे दुरुस्तीलाही जागा ठेवलेली नव्हती.

आता तो क्षण, ज्याचा विचार केला की अजून डोकं फिरतं. दुकानात दिवा लावून दाखवला तो यूपीएसवर. वॅटमीटर लावून बघू म्हटलं, तर उत्तर आलं, ‘साहेब, मीटर भावाने नेलाय.’ ठीक. पण तो यूपीएस १ केव्हीएचा होता आणि त्याच्या पुढ्यात छोटा डिस्प्ले होता, लोड टक्क्यांत दाखवणारा. दिवा बंद असताना ११. दिवा लावला, १८. सात टक्के. १ केव्हीए म्हणजे १००० व्हीए, त्याचे सात टक्के ७० व्हीए, वॅटमध्येही साधारण तेवढेच. तोंडी हिशोब आहे, शाळेतलं पोर करेल. खरा आकडा हिरव्या अक्षरांत समोर लुकलुकत होता, त्याच्याकडे बघितलंही होतं, आणि त्याच वेळी मालक फोनवरचं लक्स मोजायचं ॲप पुढे धरून म्हणत होता, ‘बघा, चाळीस हजार! आता एसपीएसपण बिनधास्त ठेवा.’ (एसपीएस म्हणजे बारीक तोंडांचे, भरपूर उजेड मागणारे कठीण प्रवाळ.) शेजारी आणखी दोन गिऱ्हाईकं वाहवा करत उभी होती. ती गिऱ्हाईकंच होती का, याचीही आता शंका येते.

लक्सचा खेळ समजून घ्या, कारण निम्मी फसवणूक तिथेच होते. लक्स हे माणसाच्या डोळ्याचं माप. ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला पूर्ण वजन, आणि रीफला हव्या असलेल्या ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला जेमतेम ४ टक्के. प्रवाळातल्या सहजीवी शैवालाचं पोट मात्र प्रामुख्याने निळ्यावर भरतं. त्यातलं क्लोरोफिल आणि पेरिडिनिन तोच उजेड शोषतं. म्हणून दाखवताना पांढरा चॅनल शंभरावर आणि निळा तीसवर ठेवला की लक्स आभाळाला टेकतात आणि कोरलच्या कामाचं फार काही वाढत नाही. मोजायचं असतं ते ‘पार’ (पीएआर), म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले सगळे फोटॉन सारख्याच वजनाने. त्यासाठी पाण्यात बुडवायचा मीटर लागतो. अपोजी कंपनीचा एमक्यू-५१० या कामाचा. जुना एमक्यू-२०० निळ्याखाली कमी आकडा दाखवतो, तो कोणी देऊ केला तर हे लक्षात ठेवा. एमक्यू-५१० विकत घेण्याइतका स्वस्त नाही, पण शहरात रीफवाले मोजके आहेत, कोणाकडे तरी असतोच. एका संध्याकाळपुरता मागून आणा, लाजू नका.

उसन्या मीटरने खडकाच्या उंचीवर पार मोजलं: डब्याच्या बरोबर खाली १९०, टँकच्या कडेला २२. सॉफ्ट कोरलला (कठीण सांगाडा नसलेल्या) साधारण ५० ते १०० पुरतं, झोआ (गुच्छाने वाढणारे मऊ, रंगीत जीव) त्याच्या थोड्या वरही खूश असतात. म्हणजे मधोमध भाजणं आणि कडेला उपास. याला कारण चिपांवरचं भिंग. ९० अंशांचं सांगून ६० अंशांचं बसवलेलं. ६० अंशांचं भिंग उजेड झोताने खोल नेतं, ते दोन-अडीच फूट खोल टँकला ठीक. दीड फुटाच्या टँकवर आठ इंच उंचीवरून तो झोत एकाच जागी पडतो. डबा उंच टांगला तर झोत पसरतो, पण ७४ वॅटमध्ये पसरायला उरतं काय?

मधल्या दगडावरचे मशरूम कोरल आक्रसले आणि पांढुरके पडले. कडेचे झोआ लांब मानेचे झाले, देठ दुप्पट, तोंड बारीक, रंग मातकट. डाव्या बाजूचा लेदर कोरल उघडायचाच थांबला. दुकानदाराचं निदान: ‘तुमची अल्कॅलिनिटी बघा.’ अल्कॅलिनिटी ८.५ डीकेएच, खारेपणा (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, तापमान २६, नायट्रेट १०, म्हणजे सगळं जागेवर. एकाच टँकमध्ये, एकाच पाण्यात मधले जळतात आणि कडेचे ताणतात, तेव्हा दोष पाण्याचा नसतो. एवढं तरी त्याला कळत असणारच. त्यात गेलेल्या कोरलची किंमत १४,६०० रुपये. एकूण ५७,६००.

चिपांबद्दल. ‘रॉयल ब्लू, ४५०’ (नॅनोमीटर) म्हणून दिलेल्या निम्म्याहून अधिक चिपा ४७०च्या साध्या निळ्या होत्या. याने कोरल मरत नाही, ४७०सुद्धा त्याला चालतं. मरतो तो रंग: ४७० डोळ्याला जास्त उजळ दिसतो आणि झोआंची हिरवी-केशरी चमक त्या निळ्यात बुडून जाते. ४५०ची एखादी सुटी चिप शेजारी लावून बघितली की फरक लगेच कळतो, आपली जांभळटाकडे झुकते, त्यांची आकाशी. आणि ‘४२०चा व्हायोलेट’ म्हणून जास्त पैसे मागत असतील तर दिव्याचं प्रतिबिंब जुन्या सीडीवर पाडून बघा. जांभळा पट्टा निळ्यापासून सुटा दिसला पाहिजे. सीडी घरात उरलेली नाही ही सबब चालणार नाही, पुणेकराच्या माळ्यावर सगळं असतं.

आता सरकारी बाजू. चौकीत पहिला प्रश्न: ‘दिवा पेटतोय ना?’ पेटतोय. ‘मग फसवणूक कसली?’ दुसरा प्रश्न, साडेअठरा हजारांचा एलईडी घेतलाच कशाला, दीडशेला बल्ब मिळतो. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८ दाखवलं, तर ‘आता तुम्ही आम्हाला कलमं शिकवणार?’ दोन स्टिकरांचा फोटो दाखवला, तो चार जणांनी हातोहात फिरवून बघितला, हसले, परत दिला. अर्जाची पोच भांडून घ्यावी लागली. वर एकाने विचारलं, हे कोरल ठेवायला परवानगी असते का? टँकमध्ये मशरूम, झोआ आणि लेदर आहेत. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १मध्ये येतात आणि ते ठेवलेले नाहीत. पण ज्यांनी ठेवलेत ते चौकीची पायरी चढणार नाहीत, आणि ‘एसपीएस बिनधास्त ठेवा’ म्हणणाऱ्याला हे आपल्याआधी ठाऊक असतं. त्याच्या धंद्याला खरी हमी आहे ती गिऱ्हाइकाच्या गप्प बसण्याची.

बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. वजनमापांच्या एका कार्यालयात सांगितलं, आमच्याकडे किलो आणि लिटर येतं, वॅट येत नाही. मग वॅट कुणाकडे येतं? त्याचं उत्तर जेवणाच्या सुट्टीनंतर मिळणार होतं, मिळालं नाही. एका हेल्पलाइनने दुकानाला मेल टाकला, दुकानाने उत्तर दिलं नाही, तक्रार ‘निकाली’ निघाली आणि वर सेवेला किती तारे द्याल असा मेसेज आला. ज्या पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत उभी केली, तिथल्या ग्राहकाची ही पत.

उरला जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. आधी दुकानाला लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपा. दोष नुसता बघून सिद्ध होत नसेल तर २०१९च्या कायद्याच्या कलम ३८खाली आयोग माल प्रयोगशाळेत पाठवू शकतो. म्हणून डबा उघडून त्याचे तुकडे करू नका, जे उघडाल त्याचा व्हिडिओ ठेवा. बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आणि चॅटमधलं ‘१६५ वॅट, ९० अंश’ हे वाक्य उपयोगी पडतं. पैसे गेले आणि माल आलाच नाही, अशी ऑनलाइन भानगड असेल तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

एलईडीच्या ड्रायव्हरला बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे. त्यावरचा आर- ने सुरू होणारा क्रमांक बीआयएस केअर ॲपमध्ये दुकानात उभ्या उभ्या टाका. या ड्रायव्हरवरचा क्रमांक मोबाइलच्या चार्जरचा निघाला.

आणि दिवा चांगला मिळाला तरी पहिल्याच दिवशी शंभरावर नेऊ नका. ३०-४० टक्क्यांपासून आठवड्याला पाच-पाचने चढवा, दिवसाला आठ-नऊ तास पुरे.

हाच डबा आता काळ्याऐवजी पांढऱ्या रंगात ‘२०० वॅट’ म्हणून २१,०००ला फिरतोय. बाजूला दोन गोल नॉब, पाठीला एकच पंखा, खालच्या जाळीतून बघितलं तर पंख नसलेली सपाट पट्टी, आणि भिंगांच्या ओळीत डावीकडून तिसरं भिंग थोडं तिरकं. वॅटमीटर हजार-बाराशेला मिळतो, खिशात घेऊन जा.