परदेशी जोडीदारासाठी ओसीआय कार्ड: पोर्टल सुधारलं, खरी कसोटी कागदांची

भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी पती किंवा पत्नीसाठी भारतात ‘परमनंट रेसिडेन्सी’ नावाची वेगळी सोय नाही. तिच्या सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे ओसीआय, म्हणजे ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ कार्ड. त्यावर भारतात कितीही वेळा येता येतं, कितीही काळ राहता येतं, नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही आणि एफआरआरओकडे, म्हणजे परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडे, नोंदणीही करावी लागत नाही. हे दुहेरी नागरिकत्व मात्र नव्हे. मतदानाचा हक्क मिळत नाही, शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. पत्रकारिता, संशोधन, धर्मप्रचार किंवा गिर्यारोहण करायचं असेल तर आधी खास परवानगी काढावी लागते.

या कार्डासाठीची सरकारी ऑनलाइन सेवा मे २०२५ मध्ये नव्यानं सुरू झाली. जुनं पोर्टल २०१३ चं होतं आणि त्याचं वय जाणवत होतं. नव्यात स्वतःचं खातं उघडता येतं, अर्धवट राहिलेले अर्ज डॅशबोर्डवर दिसतात, सबमिट करेपर्यंत कुठल्याही टप्प्यावर दुरुस्ती करता येते. कोणत्या प्रकारच्या अर्जाला कोणते कागद लागतील, हेही तिथेच कळतं. फोटो आणि सही कापून योग्य मापात बसवायची सोय आतच दिलेली आहे, हा सर्वांत उपयोगी बदल. फोटो चौरस हवा आणि सहीची रुंदी उंचीच्या तिप्पट हवी, एवढ्या साध्या मापापायी पूर्वी कितीतरी अर्ज अडत. एफआरआरओकडे अर्ज करणाऱ्यांना फीसुद्धा तिथेच भरता येते: भारतातून अर्ज केला तर १५,००० रुपये. परदेशातून ती २७५ डॉलर किंवा तेवढ्या रकमेचं स्थानिक चलन आहे, आणि जिथे अर्ज खासगी सेवा केंद्रामार्फत घेतले जातात तिथे त्या केंद्राचं शुल्क वेगळं.

फॉर्म भरण्याच्या सोयीला या सेवेला चांगले गुण द्यायला हवेत. जोडीदाराच्या अर्जाचं भवितव्य मात्र पोर्टल उघडण्याच्या खूप आधी ठरलेलं असतं, विवाह नोंदणीच्या कार्यालयात.

नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ७अ मध्ये अट स्पष्ट आहे. लग्न नोंदलेलं हवं आणि अर्ज करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षं ते टिकलेलं हवं. अडचण येते ती ‘नोंदलेलं’ या शब्दापाशी. मंगल कार्यालयातलं लग्न, देवळातला दाखला, चर्चमधला सोहळा झाला आणि नोंदणी दीड वर्षानं केली, तर घरचे लग्नाच्या तारखेपासून दोन वर्षं मोजतात आणि गणित चुकतं. मोजणी नोंदणीच्या तारखेपासूनच धरून चालावं. आधी धार्मिक विधीनं झालेलं लग्न विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली नोंदवलं, तर नोंद झाल्याच्या तारखेपासूनच ते त्या कायद्याखाली झालेलं लग्न मानलं जातं. मागची वर्षं धरून चालण्यात म्हणूनच धोका आहे.

आणखी एक चूक वारंवार होते. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न व्हायचं तर दोघंही त्या कायद्याच्या व्याख्येत हिंदू असावे लागतात (बौद्ध, जैन आणि शीख त्यात येतात). जोडीदार ख्रिस्ती किंवा निधर्मी असेल आणि तरीही त्या कायद्याखालचा दाखला कुणी घाईनं काढून दिला, तर तो पुढे प्रश्न उभे करतो. सरळ मार्ग विशेष विवाह कायदा, १९५४ चा. दोघांपैकी एकानं त्या जिल्ह्यात निदान ३० दिवस राहिलेलं असावं, नोटीस द्यावी, ३० दिवस थांबावं आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत तीन साक्षीदारांसह लग्न लावावं. परदेशी जोडीदाराकडे विवाहास हरकत नसल्याचा, म्हणजे अविवाहित किंवा घटस्फोटित असल्याचा, त्याच्या देशाचा कागद मागतात. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून व्हिसाची मुदत मोजूनच नोटीस द्यावी.

लग्न परदेशात झालं असेल तर तिथल्या दाखल्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याची आंतरराष्ट्रीय करारानुसारची सरकारी मोहर, करून घ्या. तो देश अपोस्टिल करारात नसेल तर तिथल्या भारतीय दूतावासाकडून साक्षांकन घ्या. दाखला इंग्रजीत नसेल तर प्रमाणित भाषांतर जोडा.

अर्ज भरण्याआधी पात्रतेच्या दोन गोष्टी तपासा, कारण तिथे कागद कितीही चोख असले तरी उपयोग नाही. अर्जदार स्वतः, त्याचे आईवडील, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा यांपैकी कुणी पाकिस्तान किंवा बांगलादेशचे नागरिक असतील किंवा कधीकाळी होते, तर ओसीआय मिळत नाही. परदेशी सैन्यात नोकरीत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीलाही मिळत नाही.

फॉर्ममध्ये सगळ्यात जास्त घोटाळा नावाचा. आपल्याकडे लग्नानंतर बायकोच्या नावामागे नवऱ्याचं नाव आणि आडनाव लावायची सवय असते, आणि परदेशी सुनेच्या अर्जातही तेच नकळत उतरतं. नाव तिच्या पासपोर्टवर अक्षरशः जसं आहे तसंच लिहायचं. विवाह दाखल्यावर वेगळं असेल तर आधी दाखला दुरुस्त करून घ्यायचा किंवा दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. त्यातही दाखल्याची दुरुस्ती जास्त भरवशाची. अर्जदाराच्या पासपोर्टची मुदत निदान सहा महिने शिल्लक हवी. भारतीय जोडीदाराचा पासपोर्ट, राहत्या पत्त्याचा पुरावा आणि चालू व्हिसा जोडा. सगळं पीडीएफमध्ये, एकेक फाईल एक एमबीच्या आत ठेवली की सहसा अडत नाही. मोबाइलवर काढलेले तिरके, सावली पडलेले फोटो चालवून घेऊ नका, स्कॅनरवरच काढा.

सेवेची कमजोर बाजू अर्ज सादर झाल्यानंतर दिसते. जोडीदाराच्या गटातल्या अर्जाला सुरक्षा यंत्रणांची पूर्वमंजुरी कायद्यानंच बंधनकारक आहे. लग्न खरं आहे का हे पाहायला दोघांना बोलावून प्रश्न विचारले जाऊ शकतात, घरी चौकशी होऊ शकते. भारतीय वंशाच्या अर्जदारापेक्षा वेळ जास्त लागतो तो यामुळे, आणि ते समजण्यासारखं आहे. पण या काळात स्टेटसच्या ओळीतून नेमकं काय चाललंय ते कळत नाही. मंजुरी कुणाकडे प्रलंबित आहे, एखादा कागद कमी आहे का, एवढं जरी तिथे दिसलं असतं तरी घरोघरची काळजी निम्म्यानं कमी झाली असती. नव्या पोर्टलनं ही उणीव भरून काढायला हवी होती. एकत्र राहत असल्याचे कागद मात्र तयार ठेवा: संयुक्त बँक खातं, दोघांच्या नावचा भाडेकरार, वेगवेगळ्या काळातले एकत्र फोटो.

ओसीआयचा अर्ज दिला म्हणजे व्हिसा आपोआप वाढला असं होत नाही. तोवर एंट्री व्हिसा, म्हणजे एक्स व्हिसा, ई-एफआरआरओच्या पोर्टलवरून मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावाच लागतो. ती सेवा बरीच सुटसुटीत आहे: कागद अपलोड करायचे, बोलावलं तरच जायचं. मुदत उलटली तर दंड होतोच, शिवाय त्याची नोंद पुढच्या प्रत्येक अर्जात आडवी येते.

कार्ड हातात आल्यावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तिथल्या तिथे जुळवून पाहा. पुढे दर वेळी नवा पासपोर्ट मिळाला की तीन महिन्यांच्या आत त्याची प्रत, ताजा फोटो आणि लग्न टिकून असल्याचं घोषणापत्र पोर्टलवर चढवायचं. इतर ओसीआयधारकांना ही घोषणा नसते, त्यामुळे जोडीदार गटातले लोक ती हमखास विसरतात. न्यायालयातून घटस्फोट झाला तर कलम ७ड खाली कार्ड रद्द होऊ शकतं. नागरिकत्वच हवं असेल तर त्याचा मार्ग वेगळा आहे: भारतीय नागरिकाशी विवाह आणि भारतात सात वर्षांचं वास्तव्य, कलम ५(१)(ग).

एजंटची गरज नाही. पोर्टलचा पत्ता ओसीआयसर्व्हिसेस डॉट गव्ह डॉट इन असा आहे. शेवटी ‘गव्ह डॉट इन’ नसेल तर तिथे पासपोर्टची प्रत टाकू नका. पैसे खर्चायचेच असतील तर ते विवाह दाखल्याची दुरुस्ती आणि अपोस्टिल यांवर खर्चा.