डॅशहंडसाठी रॅम्प: तयार घ्यावा की सुताराकडून करून घ्यावा?

पहिल्यांदाच डॅशहंड, म्हणजे लांब पाठीचा आणि आखूड पायांचा कुत्रा, घरी आणणारे आधी मऊ गादी, स्वेटर, खेळणी घेऊन ठेवतात. आमच्या मते पहिला खर्च रॅम्पवर, म्हणजे सोफ्यावर चढ-उतार करायच्या तिरक्या फळीवर, व्हायला हवा. या जातीचे आखूड पाय आणि पाठीचं दुखणं या दोन्हींची अनुवंशिक मुळं जोडलेली आहेत. मणक्यांमधल्या चकत्या वर्ष-दोन वर्षांच्या वयातच कडक व्हायला लागतात आणि साधारण चार-पाच डॅशहंडांमागे एकाला कधी ना कधी चकती सरकण्याचा त्रास होतो. रॅम्प लावला म्हणजे आजार टळलाच असं नाही, पण दिवसभर सोफ्यावरून धपाधप उड्या मारणं तरी थांबतं.

दुकानात आणि ऑनलाइन मिळणारे घडीचे रॅम्प बरेचदा मीटरभर लांबीचे असतात. सोफा 45 सेंटीमीटर उंच धरला तर त्यावर चढ जवळजवळ 27 अंशांचा होतो. लॅब्रॅडॉर तो सहज चढेल. डॅशहंड मध्येच थांबतो आणि बाजूने उडी टाकतो. चढ 20 अंशांच्या आसपास हवा, म्हणजे लांबी निदान 130 सेंटीमीटर. दुसरी अडचण आपल्या बडोद्याच्या घरांतली: कोटा किंवा व्हिट्रिफाइड फरशीवर रॅम्पचं खालचं टोक सरकतं. एकदा पाय घसरला की पुढे कितीतरी दिवस तो रॅम्पजवळ फिरकत नाही. फोमच्या पायऱ्या तर घेऊच नयेत. त्या दबतात, आणि प्रत्येक पायरीला लांब पाठ वाकते.

म्हणून आमची पसंती सुताराला. 12 मिलिमीटरचा प्लाय, 130 बाय 40 सेंटीमीटर, खालून दोन आडव्या पट्ट्या, दोन्ही कडांना 4 सेंटीमीटरची लाकडी पट्टी (बीडिंग). खालचं टोक तिरकं कापून घ्यावं, नाहीतर तिथे उंबरठ्यासारखी कड राहते आणि तो तिच्यावरूनच उडी मारतो. फरशीला टेकणाऱ्या भागाला रबर हवंच. वर आखूड लव असलेलं कार्पेट लावावं. विणीचे फासे असलेल्या कार्पेटमध्ये नखं अडकतात. ते फेविकॉलने न चिकटवता व्हेल्क्रोने बसवावं. पावसाळ्यात डॅशहंडचं पोट जमिनीलगत असल्यामुळे चिखलाने भिजतं, आणि न धुता येणारं कार्पेट आठवड्याभरात वास मारायला लागतं. (विश्वामित्री नदीचं पाणी भरणाऱ्या भागात राहत असाल तर अशा पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या आजाराच्या लशीबद्दलही डॉक्टरांना विचाराच.) पलंगासाठी मात्र रॅम्पच्या फंदात पडू नये. 60 सेंटीमीटर उंचीला पावणेदोन मीटर लांबी लागते, तेवढी जागा खोलीत नसते. त्याचं अंथरूण खालीच घालावं.

रॅम्प आणल्या दिवशीच सोफ्याला लावणं ही नेहमीची चूक. आधी तो जमिनीवर सपाट ठेवून कुत्र्याला उकडलेल्या चिकनच्या तुकड्यामागे त्यावरून चालवावं. मग एक टोक 10-15 सेंटीमीटर उचलावं, आणि तो न बिचकता चालला की पूर्ण उंची. उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं, त्याला जास्त दिवस द्यावेत. रॅम्पची एक बाजू भिंतीला लागलेली असावी आणि सोफ्याची उरलेली कड लोड-तक्क्यांनी बंद करावी. मोकळी कड दिसली की हा हट्टी प्राणी तिथूनच उडी मारणार.

वजन वाढलेलं असेल तर रॅम्पचा फारसा उपयोग नाही. हात फिरवल्यावर बरगड्या लागल्या पाहिजेत. पोळीवरचं तूप, फरसाण बंद. सेव-उसळीचा रस्सा तर अजिबात नाही, कारण कांदा-लसूण कुत्र्यांना विषारी असतो.

रावपुरा-वाडीकडच्या जुन्या घरांतल्या उभ्या जिन्यांना रॅम्प चालत नाही, तिथे उचलूनच न्यावं लागतं. एक हात छातीखाली, दुसरा कुल्ल्यांखाली, पाठ आडवी. पुढच्या पायांना धरून कधीही उचलू नये. पाठ कमानीसारखी वर आली, हात लावताच तो किंचाळला किंवा मागचे पाय लटपटले, तर रॅम्पही बंद. त्याला पिंजऱ्यात किंवा छोट्या जागेत निजवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावं. माणसांच्या दुखण्यावरची गोळी देऊ नये. मागच्या पायांतली संवेदना गेली तर ऑपरेशननंतरही चालण्याची शक्यता कमी होते, त्यामुळे सकाळपर्यंत वाट पाहू नये.