टी.वाय. स्पेशल इंग्रजीनंतर: एम.ए. करून सेट, की बी.एड.?

इंग्रजी घेऊन बी.ए. करणाऱ्यांमध्ये शिकवण्याची ओढ असलेले बरेच असतात. टी.वाय.चा निकाल लागला की त्यांच्यापुढे दोन वाटा येतात. एम.ए. करून सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा काढायच्या आणि सीनिअर कॉलेजला लागायचं, किंवा बी.एड. करून शाळेत जायचं. भाषांतर, कंटेंट रायटिंग, स्पर्धा परीक्षा या वाटाही आहेत; यूपीएससीला तर इंग्रजी साहित्य वैकल्पिक विषय म्हणून घेता येतं. पण त्या वाटांनी मी गेलेलो नाही, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही. वरच्या दोन्ही मात्र मी चाललोय. आधी एम.ए. आणि सेट करून काही वर्षं कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे घेऊन, शिकवलं, मग बी.एड. केलं. आता एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवतो.

अभ्यासाच्या आनंदाचा विचार केला तर एम.ए.ला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. बी.ए.ला आपण कविता, नाटक, कादंबरी 'ॲप्रिशिएट' करायला शिकतो. एम.ए.ला समीक्षा सिद्धान्ताचा पेपर येतो आणि पहिले काही आठवडे काहीच कळत नाही. मग एखाद्या दुपारी पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात बसल्या बसल्या एक परिच्छेद उलगडतो, आणि त्यानंतर वर्तमानपत्रातला अग्रलेखसुद्धा आपण वेगळ्या डोळ्यांनी वाचू लागतो. भाषाविज्ञानाचंही तसंच. मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजीतला विशिष्ट उच्चार का जमत नाही, याचं कारण मला एम.ए.ला कळलं, बी.एड.ला नाही.

बी.एड.चा अभ्यास त्यामानानं कोरडा. 2015 पासून तो दोन वर्षांचा झाला. सूक्ष्म पाठ, सराव पाठ, पाठांची टाचणं, इंटर्नशिप, फायली. टाचण लिहिण्यात इतका वेळ जातो की वाचन मागे पडतं, निदान माझं तरी पडलं. एक गोष्ट मात्र तिथेच शिकायला मिळाली. वर्गात आपण किती बोललो यापेक्षा मुलं किती बोलली हे मोजायचं असतं. एम.ए.च्या दोन वर्षांत हे कुणी सांगितलं नव्हतं.

परीक्षांच्या बाबतीत दोन्हीकडे खडतर आहे, फक्त खडतरपणाची जात वेगळी. सेटला आता दोन पेपर असतात. पहिला सामाईक, 100 गुणांचा आणि दुसरा विषयाचा, 200 गुणांचा. मी दिली तेव्हा तीन होते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, पण साधारण सहा टक्केच उमेदवार पात्र ठरतात, त्यामुळे स्पर्धा शेजारच्या बाकावरच्याशी असते. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच सेट आहे आणि ती पुणे विद्यापीठ घेतं. पीएच.डी. करायची असेल तर मात्र नेटमधून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळवण्याचा प्रयत्न नक्की करावा; 2023 पासून पहिल्या दोन वर्षांसाठी ती महिना 37,000 आहे आणि सेटमधून मिळत नाही. नेटवर सगळी भिस्त ठेवणाऱ्यांना 2024 चा जून आठवत असेल. 18 तारखेला पेपर झाला आणि 19 तारखेला परीक्षाच रद्द झाली.

शाळेच्या बाजूला आधी बी.एड.ची सीईटी. इंग्रजी माध्यमातून करायचं तर सोबत ईएलसीटी ही इंग्रजीची चाचणी. मग टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा, मग टेट ही भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, मग शिक्षकभरतीचं पवित्र पोर्टल. सहावी ते आठवीच्या टीईटीत एक विचित्र गोष्ट आहे. 150 पैकी 60 गुण एकतर गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. म्हणजे इंग्रजीच्या शिक्षकाला पात्र ठरण्यासाठी इतिहास-भूगोल पाठ करावा लागतो. मीही केला. खुल्या प्रवर्गाला 90 गुण लागतात, पण एकदा पास झालं की प्रमाणपत्र आता आजन्म चालतं. शिवाय 1 सप्टेंबर 2025 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आठवीपर्यंत शिकवणाऱ्या, आधीपासून नोकरीत असलेल्या बहुतेकांनाही टीईटी सक्तीची झाली आहे. तेव्हा टीईटी टाळता येईल का, हा विचार सोडून दिलेला बरा.

आकडे कागदावर पाहिले तर कॉलेज जिंकतं. सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन 57,700 पासून सुरू होतं, माध्यमिक शिक्षकाचं 38,600 पासून. तेही लगेच नाही. आधी तीन वर्षं ठरावीक मानधनावर शिक्षणसेवक. मी लागलो तेव्हा माध्यमिकच्या शिक्षणसेवकाला महिना 8,000 मिळायचे. 2023 मध्ये ते 18,000 झाले. घरभाडं, गाडीखर्च, घरी थोडे पाठवायचे असा हिशेब मांडला तर 8,000 मध्ये काय उरायचं, हे त्या वर्षांत काढलेल्यालाच माहीत. आजही ती तीन वर्षं सोपी नाहीत.

तरीही मी शाळेकडे वळलो, त्याचं कारण पगार नव्हता. कारण होतं दर जुलैतली मुलाखत.

सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, हे वाचणाऱ्यांना माहीत असेल. कायम जागा भरल्या जात नाहीत, तेव्हा त्या जागेचं वर्कलोड तासांवर वाटून देतात. तासाप्रमाणे पैसे कमी मिळतात, यावर बरंच बोललं जातं. पण मला खुपलं ते वेगळंच. गेल्या वर्षी ज्या वर्गाला शिकवलं, त्याच वर्गाला शिकवण्यासाठी यंदा पुन्हा जाहिरात, पुन्हा अर्ज, पुन्हा साक्षांकित प्रतींचे संच, पुन्हा मुलाखत. कॉरिडॉरमध्ये मार्चपर्यंत आपल्याशेजारी बसून पेपर तपासणारेच सहकारी फायली घेऊन रांगेत उभे. समोर बसलेले विभागप्रमुख आपल्याला नावानं ओळखणारे, तरी "तुमचा परिचय द्या" हा प्रश्न ठरलेला. मुलाखत झाली की आदेशाची वाट. माझ्या कॉलेजात आदेश हाती पडेपर्यंत गणपती यायचे. तोवर पहिल्या सत्राचा मोठा भाग उलटलेला असायचा आणि मुलं विचारायची, "सर, यंदा तुम्हीच आहात ना?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसायचं. एस.वाय.च्या मुलांना नाटक शिकवताना त्यांच्यातली दोघं-तिघं खरंच वाचू लागली, हे दिसायचं. त्यांना टी.वाय.ला कादंबरीचा पेपर आपण शिकवू, असं मनात यायचं. पण टी.वाय.चा पेपर माझ्याकडे येईल की एफ.वाय. बी.कॉम.चं कंपल्सरी इंग्लिश, की यंदा मीच नसेन, हे जुलैपर्यंत कळणार नसायचं. सोमवारी तास असला आणि सोमवारी सुट्टी आली तर तो तास बुडाला, पैसेही बुडाले. तेवढं सोसता आलं असतं. पण वाचायला लागलेलं मूल दर वर्षी हातातून सुटायचं, ते सोसवेना.

हा अनुभव एका कॉलेजातला आणि माझ्या वेळचा आहे. तुमच्या विद्यापीठात आदेश वेळेवर निघत असतील, विभागप्रमुख चांगले असतील तर पेपरही सलग मिळत असतील. माझ्या एम.ए.च्या वर्गातले काहीजण कायम झाले, उत्तम शिकवतात, संशोधन करतात. पण माझ्याबरोबर रांगेत उभे असलेले काहीजण आजही त्याच रांगेत आहेत, आणि त्यांची गुणवत्ता माझ्याहून कमी नाही. भरती थांबून थांबून, थोड्या थोड्या जागांची होते, हे त्यामागचं मोठं कारण.

शाळेत उलट आहे. आठवीत आलेलं पोर दहावीपर्यंत माझ्याकडे असतं. आमच्याकडे वस्तीवरून येणारी एक मुलगी आठवीत उताऱ्यावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचायची. बी आणि डी हमखास उलटसुलट व्हायचे. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरी सात वर्षांनंतर हे असं असतं. तिला मी रोज वर्गाआधी चार ओळी मोठ्यानं वाचायला लावल्या, दुसरं काही केलं नाही. नववीच्या दिवाळीनंतर ती बोट न ठेवता वाचू लागली. दहावीत तिनं वाचनालयातून स्वतः होऊन इंग्रजी गोष्टींचं पुस्तक नेलं आणि परत करताना त्यातली एक गोष्ट आपल्याला पटली नाही, असं सांगितलं. का पटली नाही, तेही सांगितलं. समीक्षेचा पेपर मी एम.ए.ला शिकलो होतो, त्याचा उपयोग मला त्या दिवशी झाला.

शाळेतल्या अडचणीही सांगायला हव्यात. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यात तास जातात. शेक्सपिअर किंवा समीक्षा यांच्याबद्दल बोलायला स्टाफरूममध्ये कुणी नसतं. ते वाचन रात्री, एकट्यानं. ज्याला ही गोष्ट जाचेल, ज्याला नवं वाचल्याशिवाय आणि त्यावर वाद घातल्याशिवाय चैन पडत नाही, पीएच.डी. हेच ज्याचं ध्येय आहे आणि घरची परिस्थिती पाच-सहा वर्षं थांबू शकते, त्यानं एम.ए.-सेटचीच वाट धरावी. त्याला बी.एड.कडे वळवण्याचा सल्ला मी देणार नाही.

इतरांना, विशेषतः तालुक्याच्या गावाहून आलेल्यांना आणि घरात पहिल्यांदाच पदवी घेणाऱ्यांना, मी क्रम बदलून पाहा असं सुचवेन. आधी बी.एड. करा. टीईटी, टेट त्या दोन वर्षांच्या आसपासच उरकून घ्या. नोकरीत स्थिर झालात की इग्नूतून एम.ए. इंग्रजी करता येतं. हातात एम.ए. आणि बी.एड. दोन्ही आलं की ज्युनिअर कॉलेजही उघडतं, आणि अकरावी-बारावीचे तास साहित्याची ओढ असलेल्याला बरेच मानवतात. एम.ए.ला 55 टक्के मात्र पाडा, राखीव प्रवर्गाला 50 चालतात; कारण तेवढे असले की सेटचा अर्ज तेव्हाही भरता येतो. सेटला वयाची अट नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी नोकरी सांभाळून सेट काढली. कॉलेजची जाहिरात आली की त्या अर्ज करतात, आणि मुलाखतीला जातात तेव्हा दहावीच्या वर्गाचं वेळापत्रक त्यांच्या पर्समध्येच असतं.