400 ग्रॅम म्हणजे किती मीटर? हौशी विणणाऱ्यासाठी लोकर आणि मासिके

माझ्या कपाटात विणकामाच्या मासिकांच्या दोन थप्प्या आहेत. एक हिंदी महिला मासिकांच्या हिवाळी बुनाई विशेषांकांची आणि दुसरी इंग्रजी विणकाम मासिकांची. खालच्या खणात लोकरही तशीच दोन प्रकारची आहे: लुधियानाकडून येणारी ॲक्रिलिक आणि थोडी खरी, मेंढीची. सुलट-उलट येते, एक-दोन स्वेटर हातून झाले आहेत आणि आता पैसे नेमके कशावर खर्च करावेत असा प्रश्न ज्यांना पडला आहे, त्यांच्यासाठी या दोन जोड्यांची तुलना करतो. ती माझ्या अनुभवापुरती आहे. दुसऱ्या कोणाचा अनुभव वेगळा असू शकेल.

हिंदी विशेषांकांची बाजू आधी मांडणे रास्त होईल, कारण मी विणायला त्यांच्यावरच शिकलो. एका पानावर एक स्वेटर, शेजारी छायाचित्र आणि खाली दहा-पंधरा ओळींत सगळी कृती. ‘फंदे’ म्हणजे टाके, ‘सलाई’ म्हणजे सुई आणि ‘ऊन’ म्हणजे लोकर एवढे कळले की मराठी वाचकाचे कुठे अडत नाही, आणि अडलेच तर शेजारच्या एखाद्या काकू अंक हातात घेऊन क्षणात सांगतात, कारण त्याही अशाच अंकांवर शिकलेल्या असतात. वेण्यांच्या आणि जाळीच्या विणींचा त्यांतला साठा इतका मोठा आहे, की नवी वीण शोधायची असेल तेव्हा मी आजही आधी तीच थप्पी उपसतो. उणीव एवढीच, की माझ्याकडच्या बहुतेक अंकांत माप एकच दिलेले असते आणि दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी बसायला हव्यात, म्हणजे ज्याला गेज म्हणतात, त्याचा उल्लेख क्वचितच असतो.

इंग्रजी मासिकांत गेज पहिल्याच चौकटीत असते. मध्यम जाडीच्या, म्हणजे डबल निटिंगच्या (डीके) लोकरीला चार मिलिमीटरच्या सुयांवर 22 टाके आणि 28 ओळी, हा आकडा आता मला पाठ झाला आहे. शिवाय सहा-सात मापे, प्रत्येक भागाची सेंटिमीटरमध्ये आकृती आणि लोकर किती मीटर लागेल याची नोंद असते. याचा जाच होतोच. सगळी मापे कंसात एकापुढे एक दिलेली असल्याने विणायला बसण्यापूर्वी पेन्सिलीने आपल्या मापाभोवती गोल करत जावे लागते, आणि मुंढ्याची घट (टाके कमी करणे) विणून हातावेगळी केल्यावर पुढच्या परिच्छेदात ‘त्याच वेळी गळ्याची घटही सुरू करावी’ असे वाक्य भेटते, तेव्हा बारा ओळी उसवण्यावाचून गत्यंतर नसते. सुयांचे क्रमांक हा आणखी एक घोळ. आपल्याकडे चालणारे क्रमांक जुन्या ब्रिटिश पद्धतीचे, त्यात 10 नंबरची सुई सव्वातीन मिलिमीटरची; अमेरिकी मासिकातली 10 नंबरची सहा मिलिमीटरची आणि जपानी पुस्तकातली 5.1 मिलिमीटरची. क्रमांकाकडे दुर्लक्ष करून मिलिमीटर पाहायची सवय लागली, की हा प्रश्न उरत नाही.

माझा निर्णय मात्र यांपैकी कशाने झाला नाही. तो एका बाहीने केला. हिंदी विशेषांकातले एक कार्डिगन मुलीला आवडले होते आणि साहित्यात फक्त ‘ऊन 400 ग्रॅम, सलाई 10 व 8 नंबर’ एवढेच लिहिले होते. पुण्याच्या थंडीला सुती धागा बरा, असा विचार करून मी रविवार पेठेत गेलो. तिथे ‘वहिनींनी रंग कोणता सांगितलाय?’ या नेहमीच्या प्रश्नाला नेहमीचे हसून उत्तर दिले आणि सावधगिरी म्हणून 500 ग्रॅम धागा घेतला. पाठ झाली, पुढचे दोन्ही भाग झाले, पहिली बाही कोपरापर्यंत आली आणि धागा संपला. दुकानात त्याच शेडच्या दोन लड्या शिल्लक होत्या, पण लॉट, म्हणजे रंगवण्याची खेप, वेगळा होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही रंग एकच वाटले. घरी गॅलरीत उन्हात धरले तेव्हा नव्या लडीत हिरवट झाक स्पष्ट दिसली. शेवटी ती अर्धी बाही उसवली, निघालेला धागा तराजूवर समान वाटून घेतला आणि दोन आखूड बाह्या केल्या. मुलगी ते कार्डिगन घालते, पण हात वर करताना जरा जपून.

मी कमी धागा घेतला, असे दुकानदारालाही वाटत नव्हते. चूक वजनावर विसंबण्याची होती. ॲक्रिलिक हलके, मेंढीची लोकर त्याहून जड आणि सूत सर्वांत जड. त्यामुळे तेवढ्याच जाडीचा धागा तेवढ्याच वजनात वेगवेगळ्या लांबीचा भरतो. दोन छापील लेबले समोर ठेवली तर हे लगेच दिसते: स्टाइलक्राफ्टच्या स्पेशल डीके या ॲक्रिलिकच्या 100 ग्रॅमच्या गुंड्यात 295 मीटर धागा असतो, तर रोवनच्या हँडनिट कॉटनच्या 50 ग्रॅमच्या गुंड्यात 85 मीटर. या हिशेबाने 400 ग्रॅम ॲक्रिलिकमध्ये साधारण 1180 मीटर मिळतात आणि 500 ग्रॅम सुतात अवघे 850. मासिकाने ग्रॅमऐवजी मीटर छापले असते, किंवा निदान धागा ॲक्रिलिक आहे एवढे जरी लिहिले असते, तरी हे गणित दुकानात उभ्या उभ्या करता आले असते.

तेव्हापासून मासिक हातात घेतले की मी आधी साहित्याची चौकट वाचतो आणि लोकर घेताना लेबल. सुट्ट्या लड्या वजनावर विकत घेण्याचा मोह मी सोडला आहे, कारण त्यांवर मीटर आणि लॉट या दोन्ही गोष्टी नेहमी असतातच असे नाही. इंग्रजी मासिकांत सुचवलेली विदेशी लोकर आपल्याकडे सहज मिळत नाही आणि मिळाली तरी खिशाला परवडत नाही, ही तक्रार खरी आहे. पण गेज आणि मीटर हाती असले की ती लोकर आणण्याची गरजच पडत नाही. लुधियानाची लेबल असलेली लोकर घ्यावी, एक वीतभर तुकडा विणून, धुऊन, वाळवून मोजावा, आणि पुढे जावे. रोवनचे मासिक त्याच कंपनीच्या धाग्यांसाठी बेतलेले असते, तरी त्यातली दोन कार्डिगने मी अशी देशी लोकरीत विणली आणि दोन्हींच्या बाह्या मनगटापर्यंत पोहोचल्या.

लोकर की ॲक्रिलिक, याबाबत मी तितका ठाम नाही. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, ते यंत्रात धुता येते आणि रंग हवे तितके मिळतात. मात्र एकदा गरम इस्त्री फिरली की त्याचा ताणच जातो, आणि मग ते लोंबते ते कायमचे. मेंढीच्या लोकरीला गरम पाणी आणि चोळणे वर्ज्य, कारण तिचे तंतू एकमेकांत अडकून कापड आटते. पावसाळ्यात तिला डांबराच्या गोळ्यांसह डब्यात ठेवावे लागते. पण गार पाण्यात भिजवून, टॉवेलमध्ये दाबून, टाचण्या लावून सपाट वाळवली की जाळीची वीण जशी उमलते, तशी ॲक्रिलिकची माझ्या हातून कधी उमलली नाही. मुंबईत राहणाऱ्याने हे सव्यापसव्य करावे का, याविषयी मला शंका आहे. पुण्याच्या किंवा नाशिकच्या डिसेंबरसाठी मात्र मी मेरिनो मेंढीची मऊ लोकर मिसळलेला धागा घेईन, कृती इंग्रजी मासिकातली घेईन, आणि गुंडे हिशेबापेक्षा एक जास्त, सगळे एकाच लॉटचे.

बाळंतविड्याची गोष्ट वेगळी. टोपडे आणि मोजे विणायला 100 ग्रॅमचा एक गुंडा पुरून उरतो, लॉट जुळवण्याचा प्रश्नच येत नाही, आणि दुपटी-टोपड्यांना रोज धुणे आलेच. तिथे आजही तोच जुना हिंदी विशेषांक बाहेर निघतो, मधली दोन पाने सुटी झालेला, आणि सोबत पिवळे ॲक्रिलिक.