ॲलिस वॉकर यांची 'एव्हरीडे यूज': गोधड्या शिवणारीच्या नजरेतून

ऑर्डरप्रमाणे गोधड्या शिवून देणं हा माझा व्यवसाय आहे. गोधडीवरून एका घरात वाद होतो अशी अमेरिकन कथा आहे असं कळलं, तेव्हा पुस्तक मागवल्याशिवाय राहवलं नाही. रटगर्स युनिव्हर्सिटी प्रेसने 1994 मध्ये काढलेल्या या पुस्तकात कथा एकच आहे, ॲलिस वॉकर यांची 'एव्हरीडे यूज' (1973). बाकी सगळं तिच्याभोवतीचं: संपादक बार्बरा क्रिश्चन यांची प्रस्तावना, वॉकर यांचा स्वतःचा एक गाजलेला निबंध आणि समीक्षकांचे लेख.

कथा आई सांगते. अमेरिकेच्या दक्षिणेकडची खेड्यातली कृष्णवर्णीय बाई, पुरुषाच्या बरोबरीने राबणारी. धाकटी मॅगी तिच्याजवळ असते. घर जळालं तेव्हा मॅगी भाजली, तेव्हापासून मान खाली घालूनच वावरते. थोरली डी शहरात शिकली. ती एक दिवस मित्राला घेऊन येते आणि उतरल्या उतरल्या घराचे, आईचे फोटो काढायला लागते. तिने नाव बदललंय, आता ती वांगेरो. ज्यांनी आपल्याला छळलं त्यांच्याकडून आलेलं नाव कशाला लावायचं, असं तिचं म्हणणं. आई म्हणते, तुझं नाव तुझ्या मावशीचं, तिच्याआधी आजीचं. यादवी युद्धाच्या (1861-65) पलीकडेही ही नावाची साखळी नेता येईल, असं आईला वाटतं.

इथे मला डीचा राग आला नाही. गुलामगिरीत माणसांची नावंसुद्धा मालकाच्या मर्जीवर असायची. अशा इतिहासाचं ओझं फेकून द्यावंसं वाटणं मी समजू शकते, आणि महाराष्ट्रात तरी हे कुणाला समजावून सांगायला लागू नये. पण तेच नाव आईसाठी बहिणीचं आणि आईचं आहे. दोघींचं खरं आहे, आणि वॉकर यांनी दोघींनाही बोलू दिलंय.

मग डी घरातल्या वस्तू मागायला लागते. लोणी काढायच्या भांड्याचं झाकण तिला टेबलावर शोभेसाठी हवं, त्याच्या दांड्याचंही काहीतरी कलात्मक करायचंय. भांड्यात तेव्हा विरजलेलं दूध आहे! आई तो दांडा क्षणभर हातात घेते. वर्षानुवर्षं घुसळून घुसळून लाकडात बोटांचे आणि अंगठ्यांचे खळगे पडलेत, ते तिला दिसतात. एवढ्या चार ओळींसाठीसुद्धा मी हे पुस्तक घेतलं असतं.

आणि मग गोधड्या. दोन आहेत. त्यांत आजीच्या पन्नास वर्षांपूर्वीच्या कपड्यांचे तुकडे आहेत, आजोबांच्या शर्टांचे आहेत, आणि काडेपेटीएवढा एक विटका निळा तुकडा आहे, पणजोबांच्या यादवी युद्धातल्या गणवेशाचा. डी म्हणते, हे सगळे टाके आजीने हाताने घातलेत, कल्पना करा! हे वाक्य वाचून मी थांबले आणि मागचं पान उलटलं. तिथे आईने स्पष्ट सांगितलंय: आजीने तुकडे जोडले, मग मी आणि माझ्या बहिणीने ओसरीवर चौकट लावून गोधड्या भरल्या. शिवणारीला यातला फरक लगेच कळतो. तुकडे जोडून वरचा थर करणं हे एक काम. तो थर, मधलं भरण आणि खालचं अस्तर असे तिन्ही थर टाक्यांनी एकत्र धरणं हे दुसरं, आणि बोटं सोलून निघतात ती यात. म्हणजे डी ज्या टाक्यांचं एवढं कौतुक करते, त्यातले कितीतरी समोर उभ्या असलेल्या आईने घातलेत. मुलीला ते ठाऊक नाही आणि आईही बोलून दाखवत नाही.

आई तिला दुसऱ्या गोधड्या देऊ करते. त्यांचे वरचे थरही आजीनेच जोडलेले, पण कडेला मशीनची टीप आहे म्हणून डीला त्या नकोत. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईकही 'पूर्ण हातशिलाई ना?' असं विचारतं. कोणी शिवली, हे मात्र फार क्वचित विचारतं.

डीची भीती खोटी नाही. मॅगी रोज वापरेल आणि पाच वर्षांत चिंध्या होतील, असं ती म्हणते. रोजच्या धुण्यात तो निळा तुकडा खरंच टिकणार नाही. जुन्या लुगड्यांचं काय होतं ते मी रोज बघते, म्हणून तिचं हे म्हणणं मला सहज झटकता येत नाही. पण आईचं उत्तर माझ्या धंद्यातलं आहे: मॅगीला शिवता येतं, ती नव्या करेल. आजीने आणि मावशीने तिला शिकवलंय. शिवाय त्या गोधड्या मॅगीला लग्नात द्यायच्या हे आधीच कबूल केलेलं. आणि डी कॉलेजला निघाली तेव्हा आईने एक देऊ केली होती, ती तिने जुनाट म्हणून नाकारली होती.

लेखांपैकी वॉकर यांचा आईच्या बागांवरचा निबंध (1974) सगळ्यात आधी वाचा. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात टांगलेल्या एका गोधडीखाली, शंभर वर्षांपूर्वीच्या अलाबामातल्या अनामिक कृष्णवर्णीय स्त्रीची, एवढीच नोंद त्यांना दिसली. भिंतीवर मान मिळाला, नाव नाही मिळालं. कथेतल्या आईच्या टाक्यांचं झालंय तेच. ह्यूस्टन बेकर आणि शार्लट पियर्स-बेकर यांचा तुकड्यांच्या जोडकामावरचा लेखही चांगला आहे, पण भाषा जड. बऱ्याच समीक्षकांना गोधडी प्रतीक म्हणून हवी असते. सुईदोऱ्याजवळ थोडं जास्त थांबायला हवं होतं, असं मला वाटत राहिलं.

इंग्रजीची धास्ती असेल तर लेख सोडून द्या, पण कथा वाचाच. बोलणारी खेड्यातली, कमी शिकलेली बाई आहे, तिची भाषा सरळ आहे. प्रस्तावना मात्र आधी वाचू नका, नाहीतर डीविषयीचं मत कथेआधीच ठरून जाईल.